सोळा बिटांचा समुद्र

पहिल्या रात्री फक्त आवाज आला.
लाटा, लांबचा एक भोंगा, दोरखंडाची करकर,
आणि पडदा काळाकुट्ट.
बाबा म्हणाले, चालू तर आहे वं,
रात्र झाली असंल तिकडं.

तिकडं म्हणजे त्यांच्या जहाजावर.
बावीस वर्षांपूर्वी सीताबर्डीच्या फुटपाथवर
चाळीस रुपयांत घेतलेली सीडी,
या बंदरातून त्या बंदरात मिरे न् कापूस न्यायचा खेळ.
विंडोज घरातून केव्हाच गेलं.
आता इतवारीतून आणलेला जुना डबा, त्यात लिनक्स,
आणि मधे मी एक दुभाषी बसवलाय
जो खेळाला बिनदिक्कत सांगतो, मीच तुझं विंडोज.
खेळ बिचारा विश्वास ठेवतो.

दुसऱ्या रात्री चित्र उमटलं,
डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं.
ताणलं तर खलाशी बुटके, रुंद,
सावजीत जेवून थेट डेकवर आल्यासारखे.
मग आभासी डेस्कटॉपची चौकट टिकवली,
सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी,
दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.
त्या मिटवायला गेले तर म्हणाले, राहू दे,
खिडकीला पल्ले असतातच.

बाण एकीकडे, टिचकी दुसरीकडे.
कापूस घ्यायला गेले आणि तोफ डागली.
मित्राचंच जहाज बुडालं.
बाबा हसले नाहीत. बंदराला हात जोडले.

बाहेर शेहेचाळीस. कुलरची टाकी दर दोन तासांनी कोरडी.
मी बादली ओतते, परत येते,
एक फाइल बदलते, एक ओळ खोडते,
आणि समुद्र जांभळा.
वांग्याच्या सालासारखा, चमकदार, अथांग जांभळा.

एकतीस वर्षं बाबा कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये
सुया बघत बसले.
सुई हलली की आधी सुईवर शंका घ्यायची,
मग विजेवर, असं नव्या पोरांना सांगायचे.
समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
नागपुरातून तो चारी दिशांना सारखाच लांब,
कुठून सुरुवात करायची हेच कधी ठरलं नाही.
ताडून बघायला त्यांच्याकडे एवढाच आहे,
सोळा बिटांचा.

चौथ्या रात्री सापडलं.
खेळ मागत होता सोळा बिटं, पडदा देत होता बत्तीस,
आणि दुभाषी दोघांनाही हो म्हणत होता.
एक आकडा बदलला. समुद्र निळा झाला.
मी टाळीसाठी हात पुढे केला.

बाबा म्हणाले, नाही वं. इतका निळा नव्हता.

गॅमा उतरवला. अजून उतरवला.
हिरवट, मग मातकट, मग पार फुटाळ्याचं मे महिन्यातलं पाणी.
छे. आता मेला तो.
पहाटे तीनला मी म्हटलं, बाबा, मला नाही जमत.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग तळहाताने उजवा डोळा झाकला.
डावा, ज्याचं मोतीबिंदू गोतमारे बाईंनी एप्रिलमध्ये काढलं.
हा निळा दाखवून राहिला.
मग डावा झाकला.
हा चहा सांडल्यासारखा.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
पाळीवरच्या माणसासारखे, दोन सुया ताडत.

यातला तुझ्या मशीनचा कोणता, विचारलं त्यांनी.
मी सेटिंग होतं तिथे नेऊन ठेवलं
आणि कुलरमध्ये पाणी ओतायला उठले.

उजव्याची तारीख मंगळवारची आहे.
तोवर अर्धा प्रवास एका डोळ्याने,
अर्धा दुसऱ्याने.
आत्ताच मिऱ्यांचं बंदर आलं,
बाबांनी नांगर टाकायला टिचकी मारली
आणि तोफ उडाली.

बाणाचं राहिलंच.